मशीन लावून झोपणाऱ्यांचे प्रश्न: स्लीप ॲप्नियाच्या पहिल्या वर्षानंतर

घोरणं म्हणजे काय, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडकणं) कसा ओळखायचा, स्लीप स्टडी (झोपेची रात्रभराची तपासणी) कशी करतात, हे सांगणारं लिखाण पुष्कळ आहे. निदान होतं, मशीन घरी येतं, पहिले काही महिने नव्याची नवलाई असते. मग डॉक्टरांची भेट वर्षातून एकदा, तीही दहा मिनिटांची. मधल्या काळात उगवणारे प्रश्न कोणाला विचारायचे हेच कळत नाही. हे पान त्या प्रश्नांसाठी आहे. मी डॉक्टर नाही, अकरा वर्षं सीपॅपचा, म्हणजे हवेचा दाब देणाऱ्या मशीनचा, मास्क लावून झोपणारा पेशंट आहे. औषधाचा डोस आणि प्रेशरची सेटिंग हे तुमच्या डॉक्टरांचं काम. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, ते मात्र इथून घेऊन जाता येईल.

हे मशीन आयुष्यभर लावावं लागणार का?

बहुतेकांना, हो. सीपॅप आजार बरा करत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो आणि श्वासाची वाट मिटते. मशीन हवेच्या दाबाने ती वाट उघडी धरून ठेवतं, इतकंच. चष्म्याची उपमा सगळेच देतात, मला ती अर्धीच पटते. चष्मा काढला की त्याच क्षणी धूसर दिसतं. मशीन काढलं की पहिल्या रात्री उलट सुटल्यासारखं वाटतं, सकाळी फार काही बिघडलेलंही जाणवत नाही, आणि माणूस म्हणतो, 'बघा, मला गरजच नव्हती.' उपचार नीट चालू असलेल्या लोकांचं मशीन मुद्दाम दोन आठवडे बंद ठेवून अभ्यास झाले आहेत. त्यांचा श्वास पुन्हा अडकू लागला, दिवसाची पेंग परतली आणि सकाळचं बीपी वाढलं.

मशीन सुटणारे लोकही असतात. कोणाचं वजन खूप उतरलेलं असतं, कोणाची जबड्याची शस्त्रक्रिया झालेली असते, कोणाचे मोठे टॉन्सिल्स काढलेले असतात. पण तेही 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करत नाहीत, पुन्हा स्लीप स्टडी करून बंद करतात.

मशीनवर एएचआय 2 दिसतोय, तरी मी दिवसभर थकलेला. असं कसं?

या पानावरचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

एएचआय म्हणजे दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला, याची सरासरी. प्रौढांमध्ये किमान 10 सेकंदांचा खंड मोजला जातो. 5 च्या खाली सामान्य, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. मशीन लावून तो 5 च्या खाली आला की कागदावर उपचार यशस्वी. पण हा आकडा मशीनने फक्त हवेच्या प्रवाहावरून काढलेला असतो. तुम्ही झोपला होतात की छताकडे बघत पडला होतात, हे त्याला कळत नाही. लॅबमध्ये डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजतात, घरच्या मशीनला तारा नसतात. झोप किती वेळा मोडली, गाढ झोप किती लागली, हे त्याला ठाऊक नाही. वेगळं उपकरण जोडलेलं नसेल तर रक्तातल्या ऑक्सिजनचाही त्याला पत्ता नसतो.

शिवाय सरासरीत बरंच काही लपतं. मास्क पहाटे तीनला काढून टाकलात, तर एएचआय पहिल्या चार तासांचाच निघणार. स्वप्नं पडण्याची झोप, म्हणजे आरईएम, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आणि पुष्कळांचा ॲप्निया नेमका त्याच झोपेत सगळ्यात वाईट असतो. म्हणजे छान आकडा ज्या तासांचा, ते तास मुळात सोपे होते. मी स्वतः दीड वर्ष हाच घोळ घातला. 'एएचआय 1.8' असं अभिमानाने सांगायचो आणि दुपारी मीटिंगमध्ये पेंगायचो. वापराचे तास बघायची बुद्धी उशिरा झाली.

तास पुरेसे असतील, लीक (मास्कमधून निसटणारी हवा) नसेल आणि तरी थकवा असेल, तर ॲप्निया सोडून इतरत्र बघायची वेळ आली आहे. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-12 ची कमतरता, नैराश्य, पायांची रात्रीची अस्वस्थता, ॲलर्जीच्या किंवा मनोविकाराच्या काही गोळ्या, आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे झोपेला दिलेला वेळच कमी. एकदा 'ॲप्नियाचा पेशंट' असा शिक्का बसला की प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर मांडली जाते. आपण मांडतो, घरचे मांडतात, आणि कधीकधी डॉक्टरही मांडतात. रक्ताच्या साध्या तपासण्या आवर्जून मागून घ्या.

हे सगळं तपासूनही काही जणांची दिवसाची पेंग जात नाही. त्यासाठी मोडाफिनिलसारखी जागं ठेवणारी औषधं डॉक्टर देतात. ती मास्कच्या जोडीने घ्यायची, मास्कऐवजी नव्हे. आणि एक गोष्ट सांगायची राहून जाते: मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. त्या घेणाऱ्या स्त्रियांनी हे आधी बोलून घ्यावं.

रोज सकाळी आकडे बघावेत का?

पहिले दोन महिने बघा. नंतर आठवड्यातून एकदा. एका रात्रीचा एएचआय 1 वरून 4 वर गेला म्हणून काही बिघडत नाही. सर्दी, दमणूक, पाठीवर झोपणं, आदल्या रात्रीची दारू, यातलं काहीही पुरतं. बघायचं ते तीन-चार आठवड्यांचा कल. आणि एएचआयच्या आधी दोन आकडे बघा: वापराचे तास आणि लीक. लीकचा आकडा प्रत्येक कंपनी वेगळ्या पद्धतीने दाखवते. कोणी मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवा धरून, कोणी ती वगळून. त्यामुळे मित्राच्या मशीनचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून बघू नये.

रिपोर्टमध्ये 'सेंट्रल' किंवा 'सीए' असं येतं. ते काय?

अडथळ्यामुळे श्वास थांबतो तेव्हा छाती ओढत असते, पण वाट बंद असते. सेंट्रल प्रकारात वाट उघडी असते, पण मेंदूकडून श्वास घ्यायचा हुकूमच काही क्षण येत नाही. मशीन सुरू केल्यावर काहींमध्ये असे खंड दिसतात आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप कमी होतात. कमी झाले नाहीत, किंवा हृदय कमकुवत असेल, अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील, तर डॉक्टरांना दाखवाच.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक श्वासागणिक दाब बदलणारं एएसव्ही नावाचं वेगळं मशीन असतं. ज्यांच्या हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालं आहे (इजेक्शन फ्रॅक्शन 45 टक्के किंवा त्याखाली) आणि ज्यांचा ॲप्निया मुख्यतः सेंट्रल आहे, अशा रुग्णांत या मशीनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले, असं 2015 साली एका मोठ्या चाचणीत आढळलं. दुसऱ्याचं मशीन उसनं आणून लावू नये, याला यापेक्षा मोठं कारण नको.

मशीन लावतोय, मग बीपीची गोळी बंद करू का?

नाही. सीपॅपमुळे बीपी सरासरी 2-3 अंकांनीच उतरतं. तीन-तीन औषधं घेऊनही ज्यांचं बीपी आटोक्यात येत नाही, त्यांना फायदा जास्त दिसतो. निरोगी माणसाचं बीपी रात्री खाली येतं, ॲप्नियात ते उतरतच नाही, आणि मशीनने ही रात्रीची घडी बरीच बसते. तरी गोळी सुटेल अशी आशा धरून मशीन लावू नका. उतरलंच तर घरच्या नोंदी बघून डॉक्टर डोस कमी करतील. नोंदी सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, अशा दोन्ही वेळच्या ठेवा.

हृदयविकार, पक्षाघात यांपासून मी आता सुरक्षित आहे का?

प्रामाणिक उत्तर गुंतागुंतीचं आहे, आणि विक्रेते ते सांगत नाहीत.

तीव्र ॲप्निया उपचारांविना राहिलेल्यांना हृदयविकार, पक्षाघात आणि ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, जास्त होतात, हे अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून दिसलं आहे. मग मशीन लावलं की हे टळायला हवं. 2016 साली 'सेव्ह' या नावाच्या चाचणीचे निकाल आले. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले 2,700 हून अधिक रुग्ण त्यात होते. निष्कर्ष असा की सीपॅपने पुढचे झटके किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. घोरणं, पेंग, मनःस्थिती आणि एकंदर जगणं सुधारलं.

यावरून 'मशीन निरुपयोगी' असा गजर झाला. पण त्या चाचणीत मशीनचा सरासरी वापर रात्री 3.3 तास होता, म्हणजे रात्रीचा निम्म्याहून जास्त वेळ उपचारच नव्हते. शिवाय दिवसा फार पेंगणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं, आणि खरा त्रास असतो तो त्यांनाच. जास्त तास वापरणाऱ्यांना फायदा होतो असे संकेत आहेत, पण जे लोक मशीन नियमाने लावतात ते गोळ्याही नियमाने घेतात, चालायलाही जातात. श्रेय कोणाला द्यायचं, हे सुटं करणं अवघड आहे.

मी यातून घेतलं ते इतकंच: मशीन माझी झोप सांभाळतं. कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू, बीपी हे हिशेब वेगळे आहेत आणि ते वेगळेच चुकते करावे लागतात. ठोके अनियमित वाटले तर ईसीजी काढा. ॲट्रियल फिब्रिलेशनचे उपचार चालू असतील तर तुमचा ॲप्निया त्या हृदयरोगतज्ज्ञांना माहीत आहे ना, हे बघा.

'रात्री चार तास पुरेत' असं ऐकलं. खरं का?

हा चार तासांचा आकडा विम्याच्या हिशेबातून प्रसिद्ध झाला. अमेरिकेत मशीनचा खर्च चालू राहण्यासाठी 30 दिवसांत किमान 70 टक्के रात्री 4 तास वापर दाखवावा लागतो. तिथून तो जगभर 'पुरेसा' म्हणून पसरला. शरीराला विम्याचे नियम माहीत नाहीत. जितका वेळ झोप, तितका वेळ मास्क, हे उद्दिष्ट. दुपारची डुलकीसुद्धा यात आली. मात्र एखाद्या रात्री दोनच तास जमले तर ते शून्यापेक्षा बरे. 'आज बिघडलंच आहे तर राहू दे' ही वृत्ती एका रात्रीपेक्षा जास्त नुकसान करते.

वजनाचं काय? मशीन लावल्यावर माझं तर वाढलं.

तुम्ही एकटे नाही. उपचार सुरू झाल्यावर वजन आपोआप उतरेल असं वाटतं, प्रत्यक्षात सरासरी किंचित वाढतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. एक संभाव्य कारण असं की रात्रभर श्वासासाठी चाललेली झटापट थांबते आणि तिच्यात जळणारी ऊर्जा वाचते.

उलट दिशेचा हिशेब मात्र उपयोगाचा आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात वजन 10 टक्के वाढलं तर एएचआय सुमारे 32 टक्के वाढतो, आणि 10 टक्के घटलं तर सुमारे 26 टक्के उतरतो, असं दिसलं. 90 किलोच्या माणसाला 9 किलो. कमी नाही, पण अशक्यही नाही.

डिसेंबर 2024 मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने टिर्झेपटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मान्यता दिली. खुद्द ॲप्नियावरच्या उपचारासाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध. चाचण्यांत वर्षभरात एएचआय बराच उतरला. काहींचं मशीन सुटण्याइतका उतरला, अनेकांचा तितका नाही. इंजेक्शन सुरू केलं म्हणून त्या रात्रीपासून मास्क कपाटात ठेवायचा नसतो. वजन उतरत गेलं की जुना दाब जास्त वाटू लागतो, पोटात हवा जाते, मास्क सैल होतो. तेव्हा सेटिंग बदलून घ्या. आणि सडपातळ लोकांनाही ॲप्निया असतो, जबड्याच्या किंवा घशाच्या ठेवणीमुळे. त्यांना 'वजन कमी करा' हा सल्ला ऐकून ऐकून वीट आलेला असतो. तो द्यायच्या आधी माणसाकडे एकदा बघावं.

साखर, रात्रीची लघवी, ॲसिडिटी, यांचा याच्याशी संबंध?

मधुमेह आणि ॲप्निया बरेचदा हातात हात घालून येतात, पण मशीनने साखर ठळक उतरेल असा भरवसा धरू नका. रात्रीच्या लघवीचं वेगळं आहे. श्वास अडकताना छातीत ओढ निर्माण होते, हृदयावर ताण येतो, हृदय एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंड जास्त पाणी टाकतं. रात्री चारदा उठणारे पुष्कळजण मशीन लावल्यावर एकदाच उठतात. उठणं पुन्हा वाढलं, तर उपचारात कुठेतरी गळती आहे का, हे तपासायची ती चांगली खूण आहे. अर्थात प्रोस्टेट आणि साखर हीही कारणं असतातच. ॲसिडिटी काहींची कमी होते.

नाक बंद, तोंड कोरडं. काय करू?

आधी हे दोन्ही एकच प्रश्न असू शकतात, हे लक्षात घ्या. नाक चोंदलं की तोंड उघडतं, तोंडातून हवा निसटते, मशीन ती भरून काढायला आणखी हवा ढकलतं, नाक आणखी सुकतं आणि आणखी चोंदतं. हे चक्र नाकापाशी तोडायचं. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड, थेट नळाचं कधीच नाही), ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा स्प्रे, आणि ह्युमिडिफायरची (हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या टाकीची) पातळी एकेक पायरीने वाढवणं. दुकानातून आणून घातलेले नाक मोकळं करणारे थेंब काही दिवसांपलीकडे वापरू नका. ते सोडले की नाक दुप्पट चोंदतं.

ह्युमिडिफायर फार वाढवला आणि खोली गार असली तर नळीत पाणी साठतं आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडतो. गरम होणारी नळी घ्या, नाहीतर नळीवर कापडी गवसणी चढवा आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा.

एवढं करूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क. तोंडाला चिकटपट्टी लावायची टूम आली आहे. नाक बंद असताना तोंडही चिकटवून झोपणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

पोट फुगतं, सकाळी ढेकर येतात.

हवा अन्ननलिकेत जाते आहे. बहुधा दाब जास्त आहे किंवा तोंडातून गळती आहे. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, कुशीवर झोपून बघा. मशीन दाब आपोआप कमीजास्त करणारं असेल तर त्याची वरची मर्यादा खाली आणता येते का, हे डॉक्टरांना विचारा. मशीनची सर्वसाधारण मर्यादा 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याइतका दाब अशी असते, आणि ती पूर्ण मोकळी सोडलेली मशीनं मी बरीच पाहिली आहेत. कारखान्यातून आली तशीच.

नाकावर व्रण पडतो, डोळ्यांत हवा जाते.

पट्टे आवळू नका. सगळे तिथेच चुकतात. गळती झाली की आवळायचं, आवळलं की मास्कची उशी चपटी होते आणि आणखी गळते. मशीन चालू करून, झोपायच्या स्थितीत, पट्टे सैल करून मग हळूहळू बसवा. चेहऱ्याचं तेल धुऊन टाका. दाढी असेल तर नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क बहुतेकदा सोयीचा पडतो. मास्कची मऊ उशी काही महिन्यांत कडक होते, ती बदलली की अर्ध्या तक्रारी जातात.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कड्या असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्या माणसाला पेसमेकर, डिफिब्रिलेटर, मेंदूतली क्लिप असं काही बसवलेलं असेल, तर चुंबकाचा मास्क नको. मास्क देणारा हे विचारेलच असं नाही, आपणच सांगावं.

स्वच्छता किती आणि कशी?

मास्कची उशी रोज कोमट पाणी आणि साध्या साबणाने. नळी आणि पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा. टाकीतलं पाणी रोज ओतून टाकायचं, डिस्टिल्ड असलं तरी. फिल्टर काळवंडला की बदलायचा. बस.

ओझोनने मशीन 'निर्जंतुक' करणारे डबे विकले जातात. त्यांना आमची मान्यता नाही, असा इशारा एफडीएने 2020 मध्ये दिला होता. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो आणि मशीनच्या आतल्या भागांनाही. जून 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीने आपली लाखो मशीनं परत बोलावली, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची शक्यता होती. त्यातून घ्यायचा साधा धडा असा की मशीनचा अनुक्रमांक कंपनीकडे नोंदवून ठेवा. नळीत काळे कण दिसले, विचित्र वास आला, तर थांबून विचारा.

सर्दी-खोकल्यात मशीन लावायचं का?

श्वास घेता येत असेल तर हो. नाक पूर्ण बंद असेल तर एक-दोन रात्री सुटल्याने जग बुडत नाही. डोकं उंच ठेवून कुशीवर झोपा. कानात दुखत असेल किंवा सायनसचा जोरदार त्रास असेल तर विचारून लावा. बरं झाल्यावर उशी, नळी धुवा आणि फिल्टर बदला. खरी अडचण ही असते की सर्दी जाते आणि सुट्टी मात्र लांबत जाते.

शस्त्रक्रिया आहे. कोणाला सांगू?

भूलतज्ज्ञांना, स्वतः, तोंडाने. फाईलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प राहू नका. भुलीची आणि अफूवर्गातली वेदनाशामक औषधं घशाचे स्नायू आणखी सैल करतात, श्वासाची प्रेरणाही मंदावतात. धोका टेबलावर असतो तितकाच नंतरच्या रात्री, वॉर्डात असतो. मशीन, मास्क आणि तुमच्या सेटिंगचा कागद सोबत न्या. दात काढण्यासाठी गुंगी देणार असतील तरी हेच. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांचंही गणित याच जातीचं आहे: मशीन लावून थोडी घेतली तर काय होतं, असं लोक विचारतात, आणि नेमकं त्याच रात्री मशीन लावायचं विसरतात.

प्रवासात आणि वीज गेल्यावर?

मशीन विमानात हातातल्या सामानात न्या, चेक-इनमध्ये टाकू नका. टाकीतलं पाणी आधी रिकामं करा, नाहीतर ते मोटरमध्ये शिरतं. बहुतेक मशीनं 100 ते 240 व्होल्टवर चालतात, फक्त प्लगचा अडॅप्टर लागतो. लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते. 100 वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, त्यापुढे 160 पर्यंत विमान कंपनीची लागते.

रात्री वीज गेली तर गुदमरायला होईल ही भीती सगळ्यांना असते. मास्कला हवा बाहेर जायची भोकं असतात आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला तर दाब थांबताच उघडणारी झडप असते. तुम्ही जागे व्हाल, वैतागाल, मास्क काढाल, इतकंच. बॅटरीवर मशीन चालवायचं तर ह्युमिडिफायर आणि नळीची उष्णता बंद करा, बॅटरी कितीतरी जास्त टिकते.

मास्क लावला की छाती धडधडते. झोपच येत नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदिस्त वाटण्याची भीती असेल तर सराव दिवसा करा. आधी मास्क नुसता हातात धरून चेहऱ्याला लावायचा, मग पट्टे लावून, मग मशीन चालू करून, वाचताना किंवा गाणी ऐकताना. झोपायचा प्रयत्नच करायचा नाही. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं अंग सरावतं.

दुसरी गोष्ट निद्रानाश. ॲप्निया आणि निद्रानाश एकाच माणसात असणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि अशा माणसाला 'मशीन सहन होत नाही' असा शेरा मिळतो. खरं तर त्याला मशीनविनाही झोप येत नसते. यावर झोपेच्या सवयी आणि विचार यांवर काम करणारी सीबीटी-आय ही पद्धत गोळ्यांआधी वापरून बघण्यासारखी आहे.

जोडीदाराला त्रास होतो, आणि मलाही संकोच वाटतो.

नव्या मशीनचा आवाज घोरण्याच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे जोडीदाराची झोप बहुधा सुधारतेच. संकोच राहतो. जवळीक आधी, मास्क नंतर, हे न बोलता जमत नसेल तर बोलून ठरवा. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणं हेही ॲप्नियासोबत दिसतं आणि उपचारांनी काहींचं सुधारतं. डॉक्टर विचारणार नाहीत, तुम्हीच काढा विषय.

मशीनच नको झालंय. दुसरं काही?

आहे. 1981 साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी हवेच्या दाबाची ही पद्धत पाच रुग्णांवर यशस्वी झाल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं. तिथपासून आपण बरेच पुढे आलो आहोत.

सौम्य-मध्यम ॲप्नियात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं उपकरण चालतं. एएचआय उतरवण्यात ते मशीनच्या मागे पडतं, पण लोक ते रात्रभर घालतात, त्यामुळे फरक भरून निघतो. काही वर्षांत दातांची ठेवण बदलते, म्हणून दंतवैद्याची नियमित भेट हवी. फक्त पाठीवर झोपल्यावरच श्वास अडकत असेल तर कुशीवर ठेवणारी साधनं पुरू शकतात. जिभेच्या मज्जातंतूला झोपेत चेतना देणारं, छातीत बसवायचं उपकरण 2014 पासून मान्यताप्राप्त आहे, पण निवडक रुग्णांसाठीच. कोणताही पर्याय घेतलात तरी तो लावून पुन्हा स्लीप स्टडी करा. घोरणं थांबलं म्हणजे ॲप्निया थांबला असं नसतं.

गाडी चालवू का?

पेंग येत नसेल तर हो. आदल्या रात्री मास्क लावला नसेल तर लांबच्या प्रवासाला चाक हातात घेऊ नका. खिडकी उघडणं, मोठ्याने गाणी लावणं याने झोप टळत नाही, गाडी थांबवून डुलकी काढल्याने टळते. काही देशांत परवान्यासाठी निदान कळवणं सक्तीचं आहे, विशेषतः अवजड वाहनं चालवणाऱ्यांना.

डॉक्टरांकडे ठरलेल्या भेटीआधी कधी जायचं?

घोरणं मास्कमधूनही ऐकू येऊ लागलं, सकाळी डोकं दुखायला लागलं, पेंग परतली, वजन दहाएक टक्क्यांनी हललं, रजोनिवृत्ती आली, नवं हृदयविकाराचं निदान झालं, तर आठवडाभरात वेळ घ्या. छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, बसल्याजागी दम लागणं यांना वेळ घ्यायची नसते, तातडीने दवाखाना गाठायचा.

मशीन जुनं झालंय. कधी बदलायचं?

साधारण पाच वर्षं धरून चाला. नीट सांभाळलेली जास्त टिकतात. मोटरचा सूर बदलला, 'मोटरचं आयुष्य संपलं' असा संदेश आला, किंवा तास-लीक सगळं ठीक असूनही घोरणं परत आलं, की बदला. नवं घ्यायच्या आधी जुन्याची सेटिंग कागदावर उतरवून घ्या: दाब, त्याच्या वरच्या-खालच्या मर्यादा, रॅम्प (सुरुवातीला दाब हळूहळू वाढवणं), श्वास सोडताना दाबात दिलेली सवलत, ह्युमिडिफायरची पातळी. मी उतरवली नव्हती, आणि नवं मशीन 4 ते 20 वर तीन आठवडे तसंच चालत राहिलं. जुनंही लगेच देऊन टाकू नका. नवं बिघडलं की दुरुस्त होऊन येईपर्यंत तेच कामी येतं.